घरदुरुस्ती, विचारा काकांना : आधी ओव्हन, मग कपाट

प्रश्न : आमचं जुनं घर चिऱ्याच्या भिंतींचं आहे, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा कट्टा आहे. सुतार दिवाळीपर्यंत मोकळा नाही म्हणतो. म्हणून माझा धाकटा दीर आणि मी, प्लाय मापात कापून आणून कपाटं स्वतःच बसवणार आहोत. एका उंच कपाटात बिल्ट-इन ओव्हन आणि कट्ट्यात हॉब, म्हणजे कट्ट्यात बसवलेली गॅसची शेगडी, हवा आहे. ओव्हन गणपतीनंतर घेऊ. तोवर कपाट तयार करून ठेवलं तर चालेल ना?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही चालणार, ताई. ओव्हन घरात येऊन खोक्यातून बाहेर निघेपर्यंत त्या उंच कपाटाची एक फळीसुद्धा कापून आणू नका. बाकीची कपाटं खुशाल करा. मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीच्या पॅटर्नशॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करतात तिथं, नोकरी केली. तिथं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय लाकडाला पटाशी लावायची नाही, असा दंडकच होता. ओव्हनचं ड्रॉइंग त्याच्या खोक्यात येतं.

बहुतेक बिल्ट-इन ओव्हनचं तोंड 595 मि.मी. रुंद असतं. त्याला पोकळी लागते साधारण 560 ते 568 रुंद, 590 ते 600 उंच आणि निदान 550 खोल. बाहेरून 600 चं कपाट धरा. दोन्ही बाजूंची 18 ची प्लाय वजा केली की आत 564 उरतात. आतून सनमायका चढवला तर 562. ओव्हन नेमका बसतो. पण आपल्याकडे प्लाय कापणारे बोलतात फूट, इंच आणि सुतात. त्यांना तुम्ही ‘दोन फुटी’ म्हणालात की कपाट होतं 610 चं, आत 574. ओव्हन आत जातो हो, पण त्याच्या चौकटीचे स्क्रू प्लायच्या अगदी कडेवर येतात आणि कड फुटते. वर कानडीत ‘आगतद री’, म्हणजे ‘होतंय हो’, म्हणून हसतील आणि बिल हातात देतील. मापं मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून द्या आणि प्लाय ताब्यात घेताना टेप लावून बघा.

ओव्हनच्या मागं पाठफळी मारू नका, गरम हवेला वर जायला वाट हवी. 16 अँपिअरचा सॉकेट ओव्हनच्या बरोबर मागं नको, शेजारच्या कपाटात हात पोचेल असा घ्या. हा ओव्हन 3 किलोवॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे 13 अँपिअर. त्याला वेगळी 4 चौ. मि.मी. तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि धड अर्थिंग लागतं. जुन्या घरात अर्थिंगची तार कित्येकदा बोर्डापर्यंत येते आणि पुढं कुठं जाते ते कुणालाच माहीत नसतं. हे काम लायसन्सवाल्या वायरमनचं. दिराला कितीही उत्साह असला तरी त्याला इथं फक्त बॅटरी धरू द्या.

आता भिंत. वरची कपाटं टांगायची तर तुमच्या घरात खरी परीक्षा हीच आहे. चिरा मऊ आणि सच्छिद्र, त्यात जुन्या बांधकामात सांधे मातीचे. वरून गिलावा, त्यामुळे दगड कुठं आणि सांधा कुठं ते दिसत नाही. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून बारीक बिटनं भोक पाडून बघा. सुरुवातीला गिलाव्याची भुकटी पडेल, मग तांबडी. बिट सारख्या जोरानं आत सरकत राहिलं तर तुम्ही दगडात आहात. मध्येच लोण्यात सुरी गेल्यासारखं घुसलं तर तो सांधा. ते भोक बुजवा आणि चार बोटं सरकून दुसरं पाडा. प्रत्येक कपाट दोन स्क्रूंवर टांगण्यापेक्षा भिंतीवर आडवी सागवानी पट्टी मारा, तिला जितके दगड सापडतील तितक्या ठिकाणी लांब प्लग घालून स्क्रू पिळा, आणि कपाटं त्या पट्टीवर घ्या. ताटं-पातेल्यांचं वजन वाटलं जातं. भिंतीला ओल असेल तर पाऊस उघडून ती वाळेपर्यंत तिथं काही टांगू नका. खानापूरकडचा पाऊस मी तुम्हाला काय सांगायचा!

लेव्हलसाठी लेझर विकत घेऊ नका. गवंड्याची पारदर्शक लेव्हल-नळी पाणी भरून घ्या, आत बुडबुडा राहू देऊ नका. जमिनीचा सगळ्यात उंच कोपरा शोधा आणि खालची कपाटं तिथून लावत या. बाकीच्यांचे प्लॅस्टिकचे पाय फिरवून वर घेता येतात, उंच कोपऱ्यातलं मात्र खाली नेता येत नाही. सिंकखालच्या कपाटाला आयएस 710 शिक्क्याचीच, म्हणजे पाण्याला टिकणारी मरीन प्लाय घ्या. पार्टिकल बोर्ड तिथं फुगणारच.

हॉबचं भोक फरशीवाल्याकडून पाडून घ्या. कडाप्पा थराथराचा दगड, घरच्या ग्राइंडरनं कोपरा काटकोनात कापायला गेलात की तडा थेट कट्ट्याच्या कडेपर्यंत जातो. फरशीवाला आधी कोपऱ्यांत गोल भोकं पाडतो, मग पाणी सोडत डायमंड ब्लेडनं सरळ रेषा कापतो. गॅसची जोडणी एजन्सीच्या मेकॅनिककडून. सिलिंडर बंद कपाटात ठेवणार असाल तर दाराला अगदी तळाशी जाळी हवी. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. नुसती वर पाडलेली शोभेची भोकं पुरत नाहीत. रबरी नळीवरची तारीख बघा, पाच वर्षं झाली की बदला.

एवढं सांगून माझं मत : कट्ट्यावर साधा ओटीजी, म्हणजे सुटा छोटा ओव्हन, ठेवला तरी नानकटाई तशीच भाजते. पण हौस आहे, तर मापात होऊ दे.

प्रश्न : घरीच ड्रॉवर केले. टेलिस्कोपिक चॅनेल (ड्रॉवर सरकवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) लावल्यावर एक ड्रॉवर आत जाताना अडकतो, दुसरा निसटतो.
– निपाणी

उत्तर : त्या चॅनेलला दर बाजूला 13 मि.मी. जागा लागते. म्हणजे कपाटाच्या आतल्या मापातून 26 वजा, तेवढी ड्रॉवरची बाहेरची रुंदी. अडकणारा रुंद झालाय, त्याची एक बाजू उकलून रंधा मारा. निसटणारा अरुंद झालाय, त्याच्या चॅनेलमागं सनमायकाच्या पट्ट्या घाला. पुठ्ठा घालू नका, दबतो.

प्रश्न : काका, नव्या कपाटाची दोन दारं एकमेकांवर चढतात. बिजागऱ्या बदलू का?
– वडगाव, बेळगाव

उत्तर : अहो, पैसे कशाला घालवता? गोल कपाच्या बिजागरीवर दोन स्क्रू एका रेषेत दिसतील. दाराकडचा फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं, मागचा सैल केला की आत-बाहेर. वर-खाली करायचं तर बिजागरीच्या कपाटाकडच्या पट्टीचे स्क्रू ढिले करून दार उचला आणि पुन्हा आवळा. साधा स्टार स्क्रूड्रायव्हर पुरे. वरची आणि खालची बिजागरी आलटून पालटून अर्धा-अर्धा आटा फिरवा, एकदम पिळू नका.