गेम बदलायचाय? आधी बॅटरी काढा

मागच्या अंकात जुन्या मोबाईलवर दोन ओळी काय लिहिल्या, इनबॉक्स भरला. बहुतेकांना एकाच फोनबद्दल बोलायचंय, नोकियाचा एन-गेज, तोच तो आडवा धरून गेम खेळायचा फोन. म्हणून या वेळी टीव्ही आणि वायफायवाल्यांनी जरा थांबा, तुमचा नंबर पुढच्या महिन्यात.

प्रश्न : मी डिझाईनच्या थर्ड इयरला आहे. "फसलेलं प्रॉडक्ट घ्या आणि नव्याने डिझाईन करा" असा सेमिस्टर प्रोजेक्ट आहे, मी एन-गेज घेतलाय. गाईड म्हणाले, अगं हे तर कंपनीनेच 2004 ला करून ठेवलंय, एन-गेज क्यूडी, तू वेगळं काय करणार? क्यूडीत नक्की काय बदललं आणि काय तसंच राहिलं? आणि मला आत्ता करायचं तर सुरुवात कुठून करू? फीचर्सची लिस्ट तयार आहे, दोन पानं झालीये.
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : दोन पानांची लिस्ट सध्या बॅगेतच राहू दे. लिस्ट तर पहिल्या एन-गेजची पण भारी होती गं. ऑक्टोबर 2003 मध्ये आला तेव्हा त्यात फोन, गेम, एमपी3, एफएम रेडिओ, ब्लूटूथ, सगळं कोंबलेलं होतं आणि अमेरिकेत किंमत होती 299 डॉलर, तेव्हा निन्टेंडोचा हातात धरून गेम खेळायचा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी तिथे शंभर डॉलरला मिळत होता. म्हणजे तिप्पट पैसे घ्यायचे तर हातात घेतल्या घेतल्या काहीतरी तिप्पट बरं वाटायला हवं ना, आणि इथे उलटंच झालं.

एकच गोष्ट नीट बघ. गेम एमएमसी नावाच्या छोट्या मेमरी कार्डवर यायचे आणि त्या कार्डाची खाच होती बॅटरीच्या खाली. एक गेम झाला, दुसरा लावायचाय, तर फोन बंद करा, मागचं कव्हर काढा, बॅटरी काढा, नखाने कार्ड ओढा, दुसरं सरकवा, परत बॅटरी, परत कव्हर, परत स्टार्ट, आणि मग सिम्बियन, म्हणजे फोनची ऑपरेटिंग सिस्टीम, उठेपर्यंत बसा बघत. तेवढ्या वेळात कुणी फोन केला तर त्याला स्विच ऑफ. आता सिम बॅटरीखाली असायचं ते ठीकच होतं, तेव्हाच्या झाडून सगळ्या फोनमध्ये तसंच असायचं, कारण सिम आपण काढतो कधीतरी वर्षा-दोन वर्षांतून. गेमचं कार्ड मुलं दिवसातून चारदा बदलणार. फोन बनवणाऱ्यांनी गेमच्या कार्डाला सिमसारखं वागवलं, पहिलं मॉडेल का फसलं ते माझ्या मते या एका खाचेत दिसतं. स्पेसिफिकेशनच्या कागदावर "मेमरी कार्ड स्लॉट : आहे" एवढंच लिहिलेलं असणार, आणि ते खोटंही नाही.

दुसरी भानगड बोलण्याची. इअरपीस आणि माईक फोनच्या कडेला होते, त्यामुळे फोन सपाट न धरता धारेवर उभा करून कानाला लावायचा. कानाला करंजी लावल्यासारखं दिसायचं ते. परदेशात त्याला टॅको म्हणायला लागले आणि लोकांनी घरातल्या वाट्टेल त्या वस्तू तशाच उभ्या कानाला लावून फोटो काढले. खूप टिंगल झाली. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला विकायच्या वस्तूचं चारचौघांत हसं झालं की संपलंच, मग आत काय प्रोसेसर आहे कोण विचारतं.

आता क्यूडी. एप्रिल 2004 ला जाहीर झाला, म्हणजे पहिला बाजारात येऊन जेमतेम सहा-सात महिने झाले होते. खाच आणली खालच्या कडेला, वर छोटं झाकण, फोन चालू असतानाच कार्ड काढा-घाला. इअरपीस आला पुढच्या बाजूला, बाकीच्या फोनसारखा. बॉडी आखूड आणि गोलसर, हातात भरणारी. स्क्रीन जास्त उजळ. बॅटरी 850 वरून 1070 एमएएच. किंमतही बरीच उतरवली. आणि हे सगळं बसवायला कापलं काय, तर एमपी3, रेडिओ, यूएसबी, आणि नेटवर्कच्या तीन बँडच्या (फ्रिक्वेन्सीच्या) जागी दोन. तुझ्या लिस्टच्या भाषेत सांगायचं तर क्यूडी हा पहिल्यापेक्षा कमी फोन आहे. पण दोन्ही हातात घेतले तर कुणीही क्यूडीच उचलेल. गाईडना हे नक्की सांग, त्यांना आवडेल.

राहिलं काय ते जास्त महत्त्वाचं, कारण तुझा प्रोजेक्ट तिथून सुरू होतो. स्क्रीन तशीच उभी राहिली, 176 पिक्सेल रुंद आणि 208 उंच. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची आडवी होती, 240 बाय 160. पळत पळत पुढे जायचा गेम घे, उभ्या स्क्रीनवर पुढचा खड्डा किंवा शत्रू उशिरा दिसतो, बोटाला वेळच मिळत नाही, रेसिंगमध्ये वळणाचं तेच. बरं उभी का, तर नोकियाच्या सिरीज 60 फोनची स्क्रीनच तेवढी असायची, 7650 या मॉडेलपासून, तीच उचलून इथे लावली. मग क्यूडीत आडवी का नाही केली? कारण तोपर्यंत गेमची कार्डं विकली गेली होती, पुढचे गेमही त्याच मापाने बनत होते, स्क्रीन फिरवली असती तर सगळी लायब्ररी कचऱ्यात. रिडिझाईन करणाऱ्याच्या हातात बाहेरचं कवच असतं, आतली काही मापं आधीच विकली गेलेली असतात. तुझ्या कागदावर पहिल्या पानावर "याला हात लावता येणार नाही" असा एक रकाना पाहिजे, तो मला कुठल्याच स्टुडंटच्या प्रेझेंटेशनमध्ये दिसत नाही.

बटणांचंही तसंच, उजव्या अंगठ्याखाली फोनचा नंबर पॅडच, त्यातली 5 आणि 7 ही गेमची मुख्य बटणं. नंबर फिरवायला ठीक, मारामारीला अवघड.

सुरुवात कशी करायची, तर अप्पा बळवंत चौकातून फोमबोर्ड आण आणि खरं वजन घालून डमी बनव. हे वजनाचं मुलं टाळतात, आणि रिकामा फोम हातात दिला की सगळेच म्हणतात वा किती छान. पहिला एन-गेज 137 ग्रॅम, क्यूडी आकाराने लहान असूनही 143, आणि 2021 चा आसूसचा गेमिंग फोन, आरओजी फोन 5, तब्बल 238. आत वॉशर भर, काटा घरात असेलच. मग डमी घेऊन बसस्टॉपवर जा, पीएमटीत एका हाताने दांडी धरून उभ्या माणसाला दे आणि नुसतं बघ. खेळताना कॉल आला तर हात कुठे जातो? चार्जिंगला लावून खेळायचंय तर वायर कुठून जाते? आरओजी फोनने 2018 ला एक चार्जिंग पोर्ट लांब कडेच्या मधोमध दिला, आडवा धरल्यावर वायर तळव्यात टोचू नये म्हणून. असली गोष्ट लिस्ट करत बसून सुचत नाही. 2011 चा सोनी एरिक्सनचा एक्सपीरिया प्लेही बघून घे, बंद असला की साधा टचस्क्रीन फोन, सरकवला की खालून गेमची बटणं, आयडिया माझ्या मते आजवरची सगळ्यात शहाणी, पण जाडी 16 मिलीमीटर झाली. खिशात कळायचीच ती.

फोमची डमी झाली की फोटो पाठव. कॉम्प्युटरवरचं रेंडर नको, डमीचाच.

प्रश्न : जुन्या बाजारात रविवारी एन-गेज क्यूडी मिळाला, बॅटरी नाही, चार्जर नाही, कार्ड नाही. विकणारा म्हणाला, चालू आहे साहेब. चालवायला काय काय लागेल, आणि आजचं सिम चालेल का?
— एक वाचक, रास्ता पेठ

उत्तर : बॅटरी नसताना चालू आहे म्हणाला म्हणजे कमालच आहे! असो. बॅटरी बीएल-6सी लागते, बाजारात मिळतात त्यातल्या बऱ्याच डुप्लिकेट असतात, हातात घेऊन बघा, जरा जरी फुगलेली वाटली तर फुकट दिली तरी घेऊ नका. चार्जर नोकियाचा जुना जाड पिनवाला, बारीक पिनचा बसणार नाही. बारीक पिनचाच घरी पडलेला असेल तर जाड-बारीक पिनचं कन्व्हर्टर मिळायचं, तापकीर गल्लीत विचारून बघा.

कार्डाच्या बाबतीत एक सांभाळा, एमएमसीच पाहिजे. एसडी कार्ड दिसायला तसंच असतं पण जाड असतं, 2.1 मिलीमीटर, एमएमसी 1.4, त्यामुळे दुकानदार "बसेल हो" म्हणाला तरी जबरदस्ती करू नका, खाच फाटली की संपलं. सिमचं म्हणाल तर हा 2जी फोन, त्यामुळे जिओ चालणार नाही कारण त्यांचं 2जी नाहीच, एअरटेल किंवा व्हीआय चालेल, नॅनो सिम असेल तर मोठ्या मापाचं अ‍ॅडाप्टर लावा. आणि मागचं स्टिकर वाचा, क्यूडी दोन प्रकारचे निघाले होते, 900/1800 असेल तर आपल्याकडचा, 850/1900 असेल तर अमेरिकेचा, त्यावर गेम खेळा, कॉल विसरा.

प्रश्न : क्यूडीचं एवढं कौतुक का? पहिल्यात रेडिओ होता, गाणी होती, हेडफोनमध्ये स्टिरिओ आवाज यायचा. क्यूडीत सगळं काढून टाकलं आणि म्हणे सुधारित!
— एक जुना एन-गेजवाला, पिंपरी

उत्तर : तुमचं दुखणं खरंय. क्यूडीत बाहेरचं सॉफ्टवेअर टाकून एमपी3 वाजवायचे लोक, पण आवाज मोनो, मजा नाही. मला स्वतःला वाटतं रेडिओ ठेवायला हवा होता. पण कार्ड बदलायला तुम्ही बॅटरी काढत होता की नाही ते सांगा आधी. की एकच गेम आयुष्यभर खेळलात?

आणि तसंही दोघांचं भांडण फार दिवस चाललं नसतं, 2004 संपता संपता निन्टेंडो डीएस आला, पाठोपाठ जपानमध्ये सोनीचा पीएसपी आला, त्या मोठ्या आडव्या स्क्रीनपुढे तुमचाही नाही आणि क्यूडीचाही नाही, कुणाचाच टिकाव लागण्यासारखा नव्हता.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, गेमिंग फोनच हवा म्हणून हट्ट. आहे तो फोन दोन वर्षांचा, चांगला चालतो. त्याला नुसता कंट्रोलर जोडून दिला तर भागेल का? तो दिवसभर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) खेळतो.
— एक पालक, सिंहगड रोड

उत्तर : बाकी गेमसाठी मी लगेच हो म्हटलं असतं, फोनच्या दोन्ही बाजूंनी पकडणारा टाईप-सी कंट्रोलर घ्या, ब्लूटूथपेक्षा वायरवाल्यात बटण दाबल्यापासून उशीर कमी लागतो. पण बीजीएमआय कंट्रोलरला सपोर्ट करत नाही. त्यासाठी बटणं मॅप करणारी अ‍ॅप मिळतात, त्यांच्या नादाला लागू देऊ नका, अकाऊंट बॅन होऊ शकतं आणि मग घरात जे होईल त्याला मी जबाबदार नाही. आधी त्याला विचारा अडचण नक्की कशाची आहे. फोन तापून गेम अडकत असेल तर जाड कव्हर काढून खेळायला सांगा आणि चार्जिंगला लावून खेळणं बंद करा, निम्मा ताप तिथेच उतरतो. अंगठ्याने स्क्रीन झाकली जाते अशी तक्रार असेल तर तो काचेवर खेळायचा दोष आहे, नव्या फोनवरही अंगठा तेवढाच जाड राहणार. गेमिंग फोनच्या कडेला टचची बटणं असतात त्याने थोडा फरक पडतो, पण तेवढ्यासाठी एवढे पैसे मी तरी घालणार नाही, निदान बारावी होईपर्यंत.