पथ्य बायकोला आणि काउंट नवऱ्याचा कमी

"मॅडम, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट) चालू असताना सोबत निसर्गोपचार केला तर चालेल का, त्याने चान्स वाढतो का?" हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणारी बहुतेक वेळा बाईच असते आणि विचारेपर्यंत तिने तो सुरू केलेलाच असतो, आपल्याकडून फक्त 'हो' पाहिजे असतं. म्हणून एका जोडप्याचं सांगते. नावगाव बदललंय, बारीकसारीक गोष्टीही बदलल्यात.

मी कोल्हापुरात एका आयव्हीएफ सेंटरला काउन्सेलर म्हणून बसते. २०२१ च्या एआरटी कायद्यामुळे, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या कायद्यामुळे, सेंटरला काउन्सेलर ठेवावाच लागतो, आता कित्येक ठिकाणी काउन्सेलिंग म्हणजे पॅकेजचा रेट आणि ईएमआय समजावून सांगणं एवढंच चालतं ते सोडा. तर सुजाता म्हणू तिला, वय ३३, लग्नाला सात वर्षं, एक आयव्हीएफ सायकल, म्हणजे उपचाराची एक पूर्ण फेरी, दुसरीकडे फेल गेलेली. दुसऱ्या सायकलच्या आधी डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं कारण वजन एकदम उतरलेलं आणि दोन महिने पाळी नाही. एकटीच आत आली. नवरा बाहेर पार्किंगमध्ये, "यांना हॉस्पिटलचा वास सहन होत नाही" म्हणाली.

फाईल उघडली तर सगळ्यात वर लॅमिनेशन केलेला एक कागद. सकाळी दुधीचा रस, दुपारी फळं आणि कच्च्या कोशिंबिरी, रात्री काही नाही, सोमवार-गुरुवार लिंबू-मध पाण्यावर उपवास, रोज वीस मिनिटं थंड पाण्याचं कटिस्नान म्हणजे कंबरेपर्यंत पाण्यात बसणं, पोटावर आणि डोळ्यांवर मातीची पट्टी, आठवड्यातून एकदा एनिमा, रविवारी दोघांना स्टीम बाथ. दोघांना मिळून सवलत होती म्हणे. खाली लाल पेनाने लिहिलेलं, 'सर्व गोळ्या बंद'. आणि हिने खरंच सगळ्या बंद केल्या होत्या, फॉलिक अ‍ॅसिड बंद, लोहाची बंद आणि थायरॉईडची पन्नासची गोळी तीही बंद. वजन ५४ वरून ४४ वर. हात हातात घेतला तर गार, नखं पांढरी, आणि मला सांगतेय काय तर "मॅडम शरीर एकदम हलकं वाटतंय, विषारी घटक गेलेत सगळे".

टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घेतला, ८ च्या वर. आयव्हीएफच्या आधी डॉक्टर तो साधारण अडीचच्या आत आणायला बघतात. हिमोग्लोबिन साडेनऊ. पाळी का थांबली याचंही कोडं नव्हतं. शरीराचं गणित सरळ आहे, दुष्काळात माणूस पेरणी करत नाही. वजन झपाट्याने उतरलं, खाणं अगदी कमी झालं की मेंदूकडून ओव्हरीला (अंडाशयाला) जाणारे सिग्नलच मंदावतात आणि बीज तयार होणं थांबतं. वर थायरॉईडची गोळी बंद, त्यानेही पाळी बिघडते. आता याउलट पीसीओडी (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेली, वजन ८० च्या पुढे गेलेली मुलगी असेल तर तिचं पाच ते दहा टक्के वजन कमी झालं तरी पाळी आपोआप नियमित व्हायला मदत होते, तिला हाच निसर्गोपचारवाला फायद्याचा वाटेल आणि ती चार जणींना सांगेल. सुजाताला त्या चौघींपैकीच एकीने सांगितलेलं. तिचं वजन मुळात व्यवस्थित होतं, पीसीओडी नव्हता, गर्भनलिका म्हणजे ट्यूब उघड्या होत्या, एएमएच (ओव्हरीत बीजं किती शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी तपासणी) वयाच्या मानाने चांगला.

मग मूल का राहत नव्हतं? ते फाईलच्या शेवटच्या पानावर होतं. नवऱ्याचा रिपोर्ट, शुक्राणूंचा काउंट ६ मिलियन, मोटिलिटी म्हणजे त्यांची हालचाल कमी. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) २०२१ च्या पुस्तकात खालची मर्यादा एका मिलीला १६ मिलियन अशी धरलीय. मी विचारलं, "हे घरी कुणाला माहितीय?" तर खाली बघून "नाही मॅडम, आईंना वाटतं माझ्यातच काहीतरी आहे. यांनीच सांगितलं, सांगू नको म्हणून".

बघा म्हणजे. दोष अर्धामुर्धा इकडचा की तिकडचा ते जाऊ द्या, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतंच. पण उपवास तिचे, एनिमा तिला, गोळ्या तिच्या बंद, गुरुवार तिचे, ओटीतला नारळ तिच्या पदरात. आणि माझ्या अनुभवात तरी निसर्गोपचार म्हणा, काढे म्हणा, बाबाचा अंगारा म्हणा, सगळं आधी बाईच्याच पोटाकडे जातं.

मी शिपायाला पाठवून नवऱ्याला आत बोलवून घेतलं. महेश म्हणू. तोंडात तंबाखू, बोलायच्या आधी बाहेर जाऊन थुंकून आला. काम विचारलं तर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, भट्टीवर, दहा वर्षं झाली. मला तिथेच हसू आणि राग दोन्ही आलं. अंडकोश शरीराच्या बाहेर असतो तो उगाच नाही, त्याला बाकीच्या शरीरापेक्षा दोन-तीन डिग्री कमी तापमान लागतं शुक्राणू नीट तयार व्हायला. हा माणूस आठवडाभर भट्टीसमोर उभा आणि रविवारी सुट्टीच्या दिवशी पैसे भरून स्टीम बाथमध्ये!

"महेशराव, तुमच्या बायकोने चार महिने जेवण सोडलंय. तुम्ही काय सोडलं?" असं विचारलं. गप्प. मग म्हणाला, "मला काय सोडायला सांगितलंच नाही कुणी". आणि ते खरं होतं, आधीच्या ठिकाणी रिपोर्ट हातात देऊन "इक्सी करू, एक शुक्राणू मिळाला तरी बास" एवढंच सांगितलेलं. इक्सी म्हणजे एक शुक्राणू निवडून सुईने थेट बीजात सोडतात ते. बास आहे हे बरोबर, पण तो एक शुक्राणू कसला आहे याचा विचार नको का?

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, ७०-७५ दिवस. म्हणजे आज तंबाखू सोडली तर तिचा हिशोब तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये बघायचा. निसर्गोपचाराचं मला खरोखर पटतं ते इथे. तंबाखू-दारू बंद, रात्रीची झोप, चालणं, घरचं ताजं अन्न, उष्णतेपासून लांब, हे सगळं निसर्गोपचारच आहे की, आणि त्याला कसलं मशीन लागत नाही. गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला आश्रम सुरू केला तो माती, पाणी, ऊन, हवा आणि साधं जेवण यांच्या जोरावर. त्या पद्धतीत मुळात औषधच नाही. त्यामुळे 'निसर्गोपचार तज्ज्ञ' अशी पाटी लावून कुणी तुम्हाला पुडीतून पावडर देत असेल, बिनलेबलचा काढा देत असेल तर तो निसर्गोपचार नाही, दुसरंच काहीतरी आहे आणि त्यात काय आहे ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. 'हर्बल आहे, साइड इफेक्ट नाही' हे तर डोक्यातून काढाच. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही पेशंटना लिव्हरची सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. हार्मोनची इंजेक्शनं चालू असताना तुम्ही गुपचूप शतावरी-अश्वगंधा घेत असाल तर डॉक्टर डोस कशावर ठरवणार?

सुजाताकडून तिच्या निसर्गोपचारवाल्यांचा नंबर घेतला आणि तिच्यासमोरच फोन लावला. मला वाटलेलं भांडण होईल. पण बाई नीट शिकलेल्या निघाल्या, बीएनवायएस, निसर्गोपचार आणि योगाची साडेपाच वर्षांची डिग्री असते ती इंटर्नशिप धरून. म्हणाल्या, "मी गोळ्या बंद सांगितल्या त्या पित्ताच्या आणि पेनकिलरच्या, थायरॉईडची चालू आहे हे मला त्यांनी सांगितलंच नाही. आयव्हीएफचंही नाही सांगितलं". सुजाताकडे बघितलं तर तिने मान खाली घातली. तिथे सांगितलं असतं तर त्या 'आधी ते बंद करा' म्हणतील आणि इथे सांगितलं तर डॉक्टर ओरडतील, म्हणून दोन्हीकडे अर्धं अर्धं. हे फार कॉमन आहे हो. आणि नुकसान नेमकं याच फटीत होतं.

मग आम्ही तो लॅमिनेशनचा कागद टेबलावर ठेवून एकेक ओळ बघितली. उपवास बंद, दोन वेळचं जेवण, डाळ-उसळ-दही आणि खात असाल तर अंडी, सायकलमध्ये प्रोटीन लागतंच. फॉलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम परत चालू, थायरॉईडची दुसऱ्या दिवसापासून. एनिमा आणि स्टीम बाथ दोघांचाही बंद. कटिस्नान इंजेक्शनं सुरू होईपर्यंत हवं असेल तर कर म्हटलं, फार गार नको. सकाळचं चालणं, रात्री लवकर जेवण, झोपताना योगनिद्रा आणि डोळ्यांवरची मातीची पट्टी राहू दिली कारण तिला त्याने शांत झोप लागायची, आणि झोप लागणं ही काही छोटी गोष्ट नाही. इंजेक्शनं सुरू झाल्यावर मात्र पोट चोळणं, कपालभाती, पोट पिळणारी आसनं काहीच नको. त्या दिवसांत ओव्हरी फुगून मोठी झालेली असते, पिळली गेली तर तातडीने ऑपरेशन करावं लागू शकतं. निसर्गोपचारवाल्या बाईंनी हे सगळं लगेच मान्य केलं, उलट पोटावरची पट्टीही त्या दिवसांत नको असं त्यांनीच सुचवलं.

महेशरावांच्या नावाचा वेगळा कागद केला, पहिल्यांदाच. तंबाखू बंद, १८००११२३५६ ही सरकारी हेल्पलाइन दिली. सुपरवायझरशी बोलून शिफ्ट मोल्डिंगला बदलून घेता येते का बघा म्हटलं. त्यांनी 'काउंट वाढवायची' महागडी पाकिटं दाखवली, झिंक आणि फॉलिकची. अमेरिकेत २३७० जोडप्यांवर याचा मोठा अभ्यास झाला होता, २०२० मध्ये छापून आला, पुरुषांना झिंक-फॉलिक देऊन ना शुक्राणू सुधारले ना बाळं जास्त झाली. ते पैसे दूध-शेंगदाण्याला घाला म्हटलं.

आता चान्स वाढतो का, या मूळ प्रश्नाचं. कटिस्नानाने किंवा मातीच्या पट्टीने आयव्हीएफचं यश वाढतं असं दाखवणारा भरवशाचा पुरावा मला माहीत नाही आणि तो असल्यासारखं मी पेशंटला सांगत नाही. वजन, झोप, तंबाखू, थायरॉईड याने फरक पडतो, कुणाला थोडा कुणाला बराच. वय ३८-३९ आणि एएमएच कमी असेल तर "सहा महिने आधी शरीर शुद्ध करून घेऊ" हे कुणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी थांबू नका, ते सहा महिने परत मिळत नाहीत. ट्यूब दोन्ही बंद असतील तर कुठल्याही आहाराने उघडत नाहीत. सुजाताकडे वय होतं म्हणून आम्हाला तीन महिने थांबणं परवडलं, तेही डॉक्टरांना विचारून.

तीन महिन्यांनी तिचं वजन ५१, पाळी चालू, टीएसएच दोनच्या आसपास. महेशरावांचा काउंट ११. यात तंबाखूचा हात किती ते छातीठोक नाही सांगता येणार, कारण एकाच माणसाचा काउंट दोन सॅम्पलमध्येही बराच वरखाली होतो. नॉर्मल नव्हताच, इक्सी करावी लागलीच. सासूबाईंना महेशरावांनी स्वतः सांगितलं की माझ्यात कमी आहे. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी घरातली तंबाखूची डबी फेकून दिली, स्वतःची मिसरी मात्र चालूच, असो.

दोन चांगले भ्रूण मिळाले, पाचव्या दिवसाचे, फ्रीझ केले. पहिला ट्रान्सफर केला, म्हणजे एक भ्रूण गर्भाशयात सोडला, चौदाव्या दिवशी बीटा (प्रेग्नन्सीची रक्ततपासणी) निगेटिव्ह. मला फोन महेशरावांचा आला, म्हणाले ती रडतेय, त्या दिवशी पाहुणे आले म्हणून तिने दुपारी झोप काढली नाही, चिडचिड केली, त्याने गेलं म्हणतेय. दोघांना बोलवलं. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यास एकत्र करून साडेतीन हजारांवर बायकांची माहिती तपासली होती, सायकलच्या आधी टेन्शन असणाऱ्या आणि नसणाऱ्या बायकांत प्रेग्नन्सी राहण्यात फरक दिसला नव्हता. ते सांगितलं. भ्रूण रुजला नाही यामागे बहुतेक वेळा त्याच्या क्रोमोसोममधलाच बिघाड असतो, तो लॅबमध्ये असतानाच ठरलेला, दुपारच्या झोपेचा त्याच्याशी संबंध नाही. ट्रान्सफरनंतर पडून राहिल्यानेही काही वाढत नाही, उठा-बसा, चाला, कामाला जा.

"मग मी काय करू मॅडम?" असं यावेळी तिने नाही, त्यांनी विचारलं. एक भ्रूण शिल्लक आहे. पुढच्या महिन्यात ट्रान्सफर, त्याआधी टीएसएच परत करून या म्हटलंय, आणि निसर्गोपचारवाल्या बाईंना ट्रान्सफरची तारीख आधी कळवा.