मे महिन्यात शिडाच्या बोटीवर फ्रिजशिवाय चॉकलेट आणि मुलांचा खाऊ कसा टिकवायचा?

तुम्ही लिहिलंय की मेच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून गोव्याला शिडाच्या बोटीने निघताय, फ्रिज नाही, एक आइसबॉक्स आहे, बरोबर दोन मुलं, आणि धाकट्याचा वाढदिवस वाटेतच येतोय. मी याच किनाऱ्यावर सेलिंग करतो म्हणून इथल्या हिशेबानेच सांगतो, कारण यावर जे सल्ले वाचायला मिळतात ते बहुतेक थंड पाण्यात बोट चालवणाऱ्यांचे असतात, चॉकलेट खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत ठेवा, तिथे गार असतं वगैरे.

गार असतं हे खरंय, पण समुद्राइतकंच. मे मध्ये आपल्याकडे अरबी समुद्राचं पाणीच 29-30 डिग्री असतं, त्यामुळे पाण्याच्या रेषेखाली हलला (बोटीच्या बाहेरच्या कवचाला) आतून चिकटून ठेवलेली वस्तूसुद्धा त्याच्या खाली जाणार नाही. आता कोको बटर वितळतं साधारण 34 डिग्रीला, म्हणून डार्क चॉकलेट (70 टक्केवालं घ्या) तिथे तग धरतं, पण मिल्क चॉकलेटमध्ये दुधाचं फॅट असतं ते 30 च्या आसपासच लिबलिबीत व्हायला लागतं. जानेवारीत गेलात तर पाणी बरंच गार असतं, तेव्हा मिल्क चॉकलेटही खाली नीट राहतं. मे मध्ये नाही. त्यामुळे डार्क खाली, मिल्क एकतर आइसबॉक्समध्ये नाहीतर घरी. मुलांना डार्क कडू लागत असेल तर जेम्स घ्या, वरच्या साखरेच्या कवचामुळे आतलं मऊ झालं तरी बाहेर येत नाही. आणि खाली म्हणजे इंजिनपासून लांब हं, इंजिन दोन तास चाललं की त्याच्या शेजारचा लॉकर सगळ्यात गरम असतो.

आइसबॉक्सबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. चॉकलेट सारखं आत-बाहेर करायचं नाही. बर्फातून काढलेलं गार चॉकलेट आपल्या दमट हवेत उघडलं की त्यावर लगेच पाणी धरतं, त्यात वरची साखर विरघळते आणि पाणी उडालं की पांढरी खरखरीत पूड मागे राहते. दुसऱ्या प्रकारचा पांढरेपणा वितळून परत घट्ट झाल्यावर येतो, ते कोको बटर असतं. चॉकलेटवर हाताचं बोट घासून बघा, तुपकट लागून पुसलं गेलं तर बटर, खरखरीत राहिलं तर साखर. दोन्ही खायला चालतं, बुरशी समजून टाकून देऊ नका. पण व्हायलाच नको असेल तर चॉकलेट हवाबंद डब्यात घालून मगच बर्फात ठेवा, आणि दिवसाचा वाटा सकाळी एकदाच काढून रुंद तोंडाच्या स्टीलच्या थर्मॉसमध्ये टाका, मग मुलांनी पन्नास वेळा आइसबॉक्स उघडायचा प्रश्नच येत नाही.

बर्फ वाटेत मिळतो, हर्णै, रत्नागिरीला मिरकरवाडा, मालवण, जिथे मासेमारी बोटी लागतात तिथे बर्फ आलाच. तिथे तो बोटींसाठी फोडून देतात, तुम्ही मात्र अख्खी लादी मागा किंवा बॉक्समध्ये मावेल तेवढा मोठा तुकडा, चुऱ्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. हा बर्फ माशांसाठीचा असतो, सरबतात घालायचा नाही आणि खाऊला थेट लागू द्यायचा नाही. डब्यावर ओलं फडकं गुंडाळायची युक्ती कोणीतरी सांगेलच, ती विदर्भात मस्त चालते, समुद्रावर हवेतच इतका ओलावा असतो की फार तर तीन-चार डिग्री उतरतात आणि डबा मात्र ओला होऊन बसतो.

खरं सांगू का, मी चॉकलेट थोडंच नेतो आणि बाकी खाऊ आपला कोकणातला नेतो. आंबापोळी आणि फणसपोळी याला उन्हाचं काही वाटत नाही, जन्मच उन्हात झालेला. खजूर, काजू, शंकरपाळे उत्तम. चिक्की न्या पण एकेक वडी वेगळी पॅक केलेली, कारण गूळ ओलावा ओढतो आणि पाकीट उघडं राहिलं की चिक्की दातालाच चिकटते. बेसनाचे लाडू मे मध्ये नकोत, तूप सुटतं आणि डब्याच्या तळाशी पिठलं होतं. चिवडा सादळला तर कोरड्या कढईत दोन मिनिटं परतून घ्या. आणि चॉकलेटची चवच हवी असेल तर कोको पावडर, दूध पावडर आणि साखर घरूनच मिसळून बरणीत भरून न्या, त्यात वितळण्यासारखं काही नाही, रात्रीच्या वॉचला (बोट सांभाळायच्या पाळीला) गरम पाण्यात ढवळलं की झालं. रात्री दोन वाजता टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर) बसलेल्या माणसाला ते काय वाटतं हे तुम्हाला पहिल्याच रात्री कळेल, म्हणून प्रत्येक वॉचचा खाऊ वेगळ्या छोट्या पुडीत नाव घालून ठेवा, नाहीतर संध्याकाळीच संपतो.

पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच सोडा, त्यांच्या घड्यांमध्ये झुरळांची अंडी येतात आणि एकदा बोटीत झुरळं शिरली की महिनोन्महिने निघत नाहीत. सगळं झाकणाच्या प्लास्टिक बरण्यांत, काच शक्यतो नकोच.

वाढदिवसाचं म्हणाल तर क्रीमचा केक विसरा. त्या दिवशी विजयदुर्गला आत वाघोटनच्या खाडीत नांगर टाका, पाणी शांत असतं, कुकरची रिंग आणि शिटी काढा, तळाला मीठ घाला आणि मंद आचेवर रव्याचा केक लावा, चाळीसेक मिनिटं लागतात. तोवर डार्क चॉकलेटचे तुकडे स्टीलच्या वाटीत घालून वर झाकण ठेवून कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या जागेत, उन्हात ठेवा, केक होईपर्यंत ते आपोआप पातळ होतं, तेच वरून ओता. गॅस वाचतो आणि ओतायचं काम धाकट्यालाच द्या.