माफी कापली, पण सत्र न्यायाधीशांना कळवलं का?

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं: बराकीच्या झडतीत मोबाइलची बॅटरी सापडली, अधीक्षकांनी तुमच्या भावाची ६० दिवसांची माफी, म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत मिळालेली सूट, कापली, मुलाकात बंद केली आणि "आतलं प्रकरण आहे, आता काही होत नाही" म्हणून तुम्हाला गेटवरून परत पाठवलं. होतं. नक्की होतं.

आधी एकच गोष्ट शोधा. ही शिक्षा सत्र न्यायाधीशांपुढे ठेवली होती का?

तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं होतं, की वॉर्डरने, म्हणजे तुरुंगाच्या शिपायाने, दुसऱ्या कैद्याला पैशांसाठी अमानुष मारलंय. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं. २० डिसेंबर १९७९ च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट बजावलं: एकांत कोठडी, शिक्षा म्हणून कष्टाचं काम, आहारात बदल, सवलती काढणं, शिक्षेखातर दुसऱ्या तुरुंगात हलवणं, यातलं काहीही सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय करायचं नाही. तातडीच असेल तर दोन दिवसांत कळवायचं. माफी आणि मुलाकात या सवलतीच आहेत. हा आदेश घटनेच्या कलम २१ मधून, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातून, आलाय, त्यामुळे कुठल्याही तुरुंगाची नियमावली त्याहून कमी संरक्षण देऊ शकत नाही.

याची गरज का पडली, तेही बघा. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम ४६ ने चौकशी आणि शिक्षा दोन्ही अधीक्षकांच्याच हाती दिली. आरोप करणारे त्यांचेच शिपाई. मग बंद्याचं ऐकणार कोण?

त्याच कायद्याचं कलम ५१ शिक्षेच्या नोंदवहीबद्दल आहे. गंभीर अपराध असेल तर साक्षीदारांची नावं तिथे लिहावीच लागतात. मी एका प्रकरणात तिची नक्कल मागवली होती. बंद्याच्या म्हणण्यापुढे एकच शब्द, "मान्य", आणि खाली अंगठा. तो मुलगा बारावी झालेला, वकीलपत्रावर स्वच्छ सही करणारा. ते पान बघून रात्रभर झोप लागली नव्हती मला.

म्हणून नक्कल मागाच. बॅटरी सापडली कुठे, भावाच्या बिस्तरात की सामाईक जागेत? पंचनामा आहे का? त्याला आरोप लेखी दिला का, त्याचं म्हणणं कोणी लिहून घेतलं का? चाळीस जणांच्या बराकीत एकाच्याच माथी वस्तू मारायची तर पुरावा लागतो.

वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्यांच्यामार्फत सत्र न्यायाधीशांकडे अर्ज करा. तिथे दाद मिळाली नाही तर उच्च न्यायालयात क्रिमिनल रिट, म्हणजे हक्क डावलल्याविरुद्धची याचिका.

या आठवड्यातच करा. माफीचे दिवस गेले की सुटकेची तारीख पुढे जाते, आणि फर्लोच्या, म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या ठरावीक दिवसांच्या रजेच्या, अर्जावर पोलिसांच्या अहवालासोबत ही शिक्षाही बघितली जाते. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्या, तारीख दिसेल अशी.