आपोआप काही होत नाही

प्रिय मुली,

काल फोनवर तू विचारलंस, "घटस्फोटाची डिक्री मिळाली, आता विमा पॉलिसीवरचं त्याचं नाव आपोआप निघेल ना?" त्या एका 'आपोआप'मुळे हे पत्र लिहायला बसले.

आपोआप काही होत नाही. न्यायालय लग्न संपवतं, विमा कंपनीच्या दप्तरातलं नाव खोडत नाही. 1938च्या विमा कायद्याचं कलम 39 तुला नॉमिनी केव्हाही बदलू देतं, पण अर्ज तू द्यायचा आणि कंपनीने तो नोंदवायचा. तोवर जुनं नाव कायम. नॉमिनी म्हणजे नुसते पैसे स्वीकारणारा, खरे धनी वारस, असं सर्वोच्च न्यायालयाने 1984मध्ये सांगितलं होतं. तुझे काका अजून त्याच भरवशावर आहेत. पण 2015च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवराबायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांची स्वतःची होते. घटस्फोटानंतर त्याला 'नवरा' धरायचं की नाही, हा वाद तुझ्या माघारी तुझ्या आईने कोर्टात घालायचा का?

तुझ्या एकटीच्या टर्म पॉलिसीचं काम सोपं आहे. लेकीचं नाव घाल. ती अल्पवयीन आहे, तेव्हा तिच्या वतीने पैसे घेणाऱ्या सज्ञान माणसाचं नावही त्याच अर्जात लिही. ती जागा रिकामी सोडू नकोस.

अवघड आहे ती नवराबायकोची जोड-पॉलिसी. आमचीही होती. एक गेला तर दुसऱ्याला रक्कम, पुढचे हप्ते माफ. वेगळे झालो तेव्हा अकरा वर्षांचे हप्ते भरून झाले होते. सरेंडरला, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे घ्यायला, दोघांच्या सह्या लागत होत्या आणि त्याच्या सहीखाली मला माझी सही करायची नव्हती. मी हप्ता भरणंच थांबवलं. तीस दिवसांची सवलत गेली, पॉलिसी पेड-अप झाली, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि विम्याची रक्कम घटली. पुन्हा चालू करायची मुदत होती, तीही जाऊ दिली. नंतर मला मधुमेह निघाला आणि नवीन विमा मिळेना.

घरच्यांनी मला हट्टी म्हटलं. असेन. ज्या बाईने त्या घरात इतकी वर्षं तोंड मिटून काढली, तिला एक सही नाकारायचा हक्क होता, असं मी आजही म्हणते. पण मुलगा तेव्हा सहावीत होता आणि मला काही झालं असतं तर त्याच्या हाती पुरेसं काही पडलं नसतं. तो हक्क बजावायला मी नको ती जागा निवडली. तू निवडू नकोस.

म्हणून आधी स्वतःच्या नावाची नवी पॉलिसी घे, ती सुरू होऊ दे, मगच जुनीला हात लाव. जोड-पॉलिसीचे दोन भाग करून मिळतात का, हे एजंटला तोंडी विचारू नकोस, शाखेला लेखी विचार. आणि लेकीचा खर्च त्याच्या पगारातून येणार असेल, तर विमा त्याच्या आयुष्याचा हवा. तो हप्ता कोण भरणार, भरल्याची पावती तुला कधी दाखवणार, हे घटस्फोटाच्या संमतीच्या अटींत आहे का? वकीलबाईंना आजच विचार. त्याने 1874च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली तुझ्या किंवा लेकीच्या नावे पॉलिसी काढली असेल, तर ती तो एकटा फिरवू शकत नाही. तीही शोध.

"मरणाच्या गोष्टी आत्ता कशाला," असं म्हणालीस. दमली आहेस, कळतं मला. आधी जेव, झोप. पण सोमवारी शाखेत जा, पॉलिसीचा बॉण्ड, म्हणजे मूळ कागद, आणि आधार घेऊन. अर्जाच्या दोन प्रती ने. दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नकोस. "सिस्टिममध्ये आपोआप होईल" म्हणाले तरी तिथेच उभी राहा. नाव बदलल्याचं पत्र आलं की ते बॉण्डला जोड. पीएफ आणि बँकेचंही याच आठवड्यात उरक.

सोमवारी संध्याकाळपर्यंत पोचेचा फोटो आला नाही, तर मंगळवारी सकाळी मी तुझ्या दारात असेन.

तुझी
ताई