‘लेजेंड्स ऑफ अँडॉर’ घरच्यांबरोबर खेळायला घ्यावा का? गोष्ट खरंच रंगते की नुसती आकडेमोड होते?

घ्या. हा सगळ्यांनी एका बाजूने, मिळून खेळायचा पटावरचा खेळ आहे. पण घरात हुकूम सोडणारं कुणी असेल तर आधी त्याच्याशी बोलून घ्या, खोकं मग उघडा.

आकडेमोडीची तक्रार मी खूप जणांकडून ऐकली आहे. पटाच्या कडेला अक्षरांची पट्टी असते; तिच्यावर सूत्रधाराची सोंगटी खेळातल्या रोज सकाळी एक अक्षर पुढे सरकते आणि राक्षस मारला की आणखी एक. ती ‘एन’वर पोचली की कथा संपली. म्हणजे दिसेल त्याला मारत सुटलात तर स्वतःचेच दिवस कमी करता. लोक याला गणित म्हणतात. मला मात्र हीच गोष्ट वाटते. कुणाला अडवायचं, कुणाला जाऊ द्यायचं, हे ठरवताना पटाभोवती जी शांतता पसरते ती गणिताच्या तासाला नसते. हा खेळ रचणारा मिखाएल मेंझेल मुळात चित्रकार. पटही त्यानेच रंगवलाय, म्हणून गावं, नदी, विहिरी बघत बसावंसं वाटतं.

आम्ही तेव्हा श्टुटगार्टला होतो. (हा खेळ काढणारी कॉसमॉस तिथलीच, २०१३ साली याला जर्मनीत जाणत्या खेळाडूंसाठीचा वर्षाचा पुरस्कार मिळाला होता.) लेक अकरा वर्षांची. सांगलीहून सासूबाई आणि धाकटे दीर आले होते. बाहेर पाऊस, म्हणून खेळातली दुसरी कथा मांडली. सासूबाईंनी बुटका घेतला, कारण खाणीत त्याला एका नाण्यात बळ मिळतं आणि बाकीच्यांना दोन मोजावी लागतात. दीर योद्धा, मी जादूगार, लेक तिरंदाज. कथेचे पत्ते सगळे जर्मनमध्ये, त्यामुळे प्रत्येक पत्ता लेक आधी मनात वाचायची आणि मग मराठीत सांगायची. आजीसाठी ‘स्क्राल’चा राक्षस केला, शेतकऱ्याला नाव दिलं, त्याच्या घरी गाय आहे असंही ठोकून दिलं. सासूबाई अगदी पुढे सरकून ऐकत होत्या.

आणि दीर खेळातल्या तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या सोंगट्या हलवायला लागले. “वहिनी, तुम्ही विहिरीवर. आई, तू खाणीत थांब. तू इकडे ये गं.” एकही पत्ता त्यांना वाचता येत नव्हता.

सूत्रधार ‘एल’वर होता. जिंकायला बुरुजावरच्या स्क्रालला मारायचं होतं, त्यासाठी सगळ्यांनी निघायचं ठरलं होतं. लेकीच्या सोंगटीपासून दोन घरांवर तो शेतकरी आणि त्याच्या पलीकडच्या घरात गोर नावाचा राक्षस. सकाळ झाली की गोर त्याच्या घरात शिरणार आणि शेतकरी मरणार. लेक म्हणाली, मी त्याला गडावर नेते. दीर म्हणाले, अजिबात नाही. ती गेली. दिवसाचे सात तास संपले, वरचे तास घेतले, त्या प्रत्येक तासाला तिचं दोन मनोबल गेलं, त्यामुळे लढाईचे फासे कमी झाले. शेतकरी गडावर पोचला. दुसऱ्या दिवशी स्क्राल दोन मनोबल शिल्लक ठेवून वाचला आणि आम्ही हरलो.

“एका शेतकऱ्यापायी पोरीने डाव घालवला,” हे वाक्य त्यांनी त्या आठवड्यात तीनदा म्हटलं, एकदा तर पाहुण्यांसमोर. लेकीने नंतर दोन वर्षं त्या खोक्याला हात लावला नाही.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी पट पुन्हा मांडून पाहिला. लेक सरळ बुरुजाकडे आली असती तर बहुधा जिंकलो असतो. भावजींचा हिशेब बरोबर होता. तरी ती पाळी लेकीची होती, आणि आदल्या दिवसापासून त्या शेतकऱ्याला जिवंत ठेवलं होतं तेही तिनेच. चौघांनी खेळताना गडात एकच राक्षस खपतो, त्याहून जास्त शिरले की डाव हरतो. प्रत्येक शेतकरी आत आणला की आणखी एक राक्षस खपतो. तो निव्वळ हळवेपणा नव्हता, हे मी भावजींना आजवर चार वेळा सांगितलंय.

म्हणून माझ्या घरात आता एकच नियम आहे: विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही आणि दुसऱ्याच्या सोंगटीला हात लावायचा नाही. कोणी म्हणेल, सहकारी खेळ म्हटला की चर्चा होणारच. चर्चा करा, पण शेवटचा शब्द ज्याची पाळी त्याचा. ‘ग्लूमहेवन’ या दुसऱ्या सहकारी खेळात आपल्या पत्त्यावरचे नेमके आकडे सांगायलाच बंदी आहे, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. अँडॉरमध्ये तशी सोय नाही, तुम्हालाच पाळावं लागतं.

आणखी एक मुद्दा राहिलाच. खोक्यात पाचच कथा आहेत. तिसरी दर वेळी बदलते, बाकीच्यांतलं नवल एकदा जिंकल्यावर ओसरतं. एवढ्यासाठी पैसे जड वाटत असतील तर जुना संच शोधा, फक्त सोंगट्या मोजून घ्या. आणि पहिल्यांदा तिघंच बसा. पत्ते वाचायचं काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाला द्या, तो वाचत असताना मध्ये कुणी बोलायचं नाही.