काही वर्षं पडून असलेली जुनी घड्याळं परत वापरायला काढताना आधी काय तपासावं? आणि त्यातली कोणती विकावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौदा घड्याळं झाली आहेत, घेणं-विकणं चालूच असतं, पण आता मन पुन्हा जुन्या तिघांकडे वळतंय. एचएमटी जनता, सेको ५ आणि सिटिझनचं इको-ड्राइव्ह (प्रकाशावर चार्ज होणारं). जनता चावी दिली की थोडी चालते आणि थांबते, म्हणून ती काढून टाकावी का?

नाही. अर्धवट चालणाऱ्या घड्याळावर आवडीनिवडीचा निकाल देऊ नये. आधी ते धड चालतं करा, पट्टा बदला, पंधरा दिवस घाला, मग ठरवा. संग्रहातून बाहेर जाणारी निम्मी घड्याळं खरं तर वाळलेल्या तेलामुळे किंवा चुकीच्या पट्ट्यामुळे जातात, असं माझं मत आहे.

जनतापासून सुरुवात करू. आत ०२३१ हे मशीन आहे: १७ ज्वेल (चक्रांच्या आसांची टोकं ज्यात फिरतात ते खडे), हाताने चावी द्यायची, तासाला १८,००० ठोके. पूर्ण चावी एकदम देऊ नका. पाच-सहा फेऱ्या द्या आणि डायल वर करून सपाट ठेवा. सेकंदकाटा आपण होऊन निघाला तर चांगलं. घड्याळ हलवल्यावरच तो निघत असेल, तर तेल सुकलंय असं धरा आणि तिथेच थांबा. “चालतंय ना, मग चालवू” असं केलं की कोरड्या ज्वेलमध्ये आसांची बारीक टोकं घासतात, काळपट भुकटी जमते आणि साध्या सर्व्हिसिंगचं काम सुटे भाग बदलण्यापर्यंत जातं. भाग आता जुन्या साठ्यातून किंवा दुसरं घड्याळ फोडूनच मिळतात, कारण एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायला केंद्राने २०१६ च्या जानेवारीत मंजुरी दिली.

“जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं” हे घरोघरी ऐकू येतं, आणि ते बहुतेक वेळा चूक असतं. हाताने चावी द्यायच्या घड्याळात स्प्रिंग पूर्ण आवळली की चावी स्वच्छ अडते. तिथे जोर लावला नाही तर काही बिघडत नाही. पूर्ण चावी असूनही घड्याळ उभं राहतं, म्हणजे ताकद आहे पण पुढचं चक्र घाणीने किंवा सुकलेल्या तेलाने धरलंय.

काटा आपण होऊन निघाला तर मग पूर्ण चावी द्या, फोनच्या वेळेशी मिळवा आणि चोवीस तास डायल वर ठेवून किती पुढे गेलं किंवा मागे पडलं ते लिहा. पुढचे चोवीस तास डायल खाली, मग चावी (बाजूची फिरवायची कळ) खाली करून उभं. प्रत्येक वेळी आधी पुन्हा पूर्ण चावी. या वयाच्या घड्याळात दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक मला चालतो. पण सपाट ठेवल्यावर बरोबर आणि उभं ठेवल्यावर दोन मिनिटं मागे, असं असेल तर घड्याळजीकडे न्या.

एकदम रोज पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं असेल तर तेलाआधी चुंबकत्व बघा. ठोक्यांचा वेग ठरवणाऱ्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड असल्यासारखी वागते आणि ठोके वाढतात. फोनच्या कव्हरचं मॅग्नेट, बॅगेची चुंबकी कडी, टॅब्लेटचं झाकण, कपाटात ठेवलेला स्पीकर, कारण यातलंच एखादं असतं. साधं होकायंत्र आणा (फोनमधलं नको) आणि घड्याळ हळूहळू त्याच्याभोवती फिरवा. सुई थरथरली किंवा वळली तर संशय घ्या. पोलादी केस (घड्याळाचं बाहेरचं कवच) हीसुद्धा सुईला थोडी खेचू शकते, म्हणून बरोबर चालणारं दुसरं पोलादी घड्याळ ठेवून तुलना करा. चुंबकत्व काढायचं निळ्या डबीचं यंत्र स्वस्त मिळतं, पण वापरताना एक चूक हमखास होते. बटण दाबून ठेवायचं, घड्याळ डबीवरून उचलत हळूहळू हातभर लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. घड्याळ डबीवर असतानाच बटण सोडलं तर आहे त्यापेक्षा जास्त चुंबकत्व बसू शकतं.

घड्याळजीकडे गेलात तर आधी विचारा की मशीन पूर्ण उघडणार की पेट्रोलमध्ये बुडवून वरून तेल सोडणार. दुसरा प्रकार स्वस्त आहे आणि काही महिने भ्रमही टिकतो. नीट सर्व्हिसिंग म्हणजे सगळे भाग सुटे करणं, धुणं, ज्वेल साफ करणं, स्प्रिंग तपासणं, आणि चक्रांना एक तेल, एस्केपमेंटला (टिकटिक करणाऱ्या भागाला) वेगळं, स्प्रिंगच्या डब्याला ग्रीस. घड्याळ देण्याआधी डायलचा जवळून फोटो काढा आणि “डायलला हात लावू नका, पॉलिश नको, रंग नको” हे पावतीवर लिहून घ्या. जुन्या जनताचा मूळ डायल डाग असलेलाच बरा. नव्याने छापलेला डायल भिंगाखाली लगेच ओळखू येतो: अक्षरांच्या कडा पसरलेल्या, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी न जुळणाऱ्या, पृष्ठभाग गुळगुळीत चकाकणारा. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात देवनागरी आकड्यांचं कोरं करकरीत डायल दिसलं की आधी हेच बघा.

जनताची काच अॅक्रिलिकची आहे, तिचे ओरखडे घरी निघतात. खोल असतील तर १५०० आणि मग २००० चा पाणकागद, शेवटी पॉलिशची पेस्ट. साधी पांढरी टूथपेस्टही चालते, जेल नको. केसच्या कडेला आधी चिकटपट्टी लावा. जनताची केस क्रोम चढवलेल्या पितळेची असते. घामाने क्रोमला टोचे पडले की खाली हिरवट कळंक धरतो. क्रोम घासून तो जात नाही, वाढतोच.

सेको ५ ऑटोमॅटिक आहे, म्हणजे हाताच्या हालचालीने भरतं. त्याच्या आत ७एस२६ हे मशीन असेल तर त्याला चावी देता येत नाही. चावी फिरवून बघत बसू नका. घड्याळ सपाट धरून अर्धा मिनिट हलक्या हाताने गोल-आडवं हलवा, मग दिवसभर हातात घाला. पूर्ण भरलं तर चाळीसेक तास चालतं. तारीख आणि वार बदलताना काटे आधी साडेसहावर आणा. रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान तारखेची यंत्रणा गुंतलेली असते, तेव्हा जबरदस्ती केली तर बारीक दाते तुटतात. जास्त दिवस पडून असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये हेच सगळ्यात जास्त मोडतं, कारण घड्याळ कुठल्या वेळेला थांबलंय, सकाळच्या की रात्रीच्या, हे कोणी बघत नाही. काटे एकदा पुढे फिरवून तारीख कधी उडते ते पाहा. जिथे उडाली ती मध्यरात्र.

इको-ड्राइव्ह ड्रॉवरच्या अंधारात उपाशी राहतं. सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांनी उडत असेल तर ते चार्जची मागणी करतंय, बिघडलेलं नाही. खिडकीतल्या उन्हात ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर मुळीच नको. दोन-तीन दिवस उन्हात ठेवूनही रात्रभरात बंद पडत असेल तर आतला सेल बदलावा लागतो. तिथे साधा बटण-सेल बसवू देऊ नका. तो चार्ज होण्यासाठी नसतो.

साध्या क्वार्ट्झ घड्याळातला संपलेला सेल तसाच ठेवणं ही संग्रहातली सगळ्यात महाग आळसाची सवय. सेल गळला की क्षार कॉइलपर्यंत जातो. अनेक साध्या क्वार्ट्झ मशीनमध्ये एसआर६२६एसडब्ल्यू म्हणजे ३७७ लागतो. तो सिल्व्हर ऑक्साइडचा असतो. एजी-४ किंवा एलआर६२६ नावाने स्वस्त मिळतो तो अल्कलाइन. आकार सारखा, पण टिकतो कमी आणि गळतो लवकर.

ठेवायची जागाही बघा. डांबराच्या गोळ्या असलेल्या कपाटात घड्याळं नकोत, ती वाफ तेलाला आणि प्लॅस्टिकला बाधते. पावसाळ्यात चामड्याचे पट्टे काढून वेगळे ठेवा, डब्यात सिलिका जेल टाका आणि दाणे रंग बदलले की सुकवून परत वापरा.

आता विकण्याचं. त्या घड्याळाची जागा पुन्हा भरता येईल का, एवढं विचारा. सेकोचं एसकेएक्स००७ हे डायव्हिंगचं घड्याळ बाजारात सर्रास मिळायचं तेव्हा लोकांनी ते फुटकळ समजून काढून टाकलं. २०१९ च्या सुमारास उत्पादन थांबलं आणि तेच लोक आता वापरलेल्यासाठी जास्त पैसे मोजतात. त्यानंतर आलेली एसआरपीडी मालिका दिसते तशीच, पण पाण्यापासून संरक्षण २०० ऐवजी १०० मीटरचं आणि चावी आट्यांनी घट्ट बसत नाही. जे आजही दुकानात नवं मिळतं ते निर्धास्त विका. बंद झालेलं विकण्याआधी पट्टा बदलून बघा. जनताच्या पट्ट्याची जागा बहुधा १८ मिमी असते, तरी मोजूनच घ्या. लवचिक पोलादी पट्ट्यावर ती कडेला घरंगळते आणि माणूस घड्याळालाच दोष देतो. साधा पातळ चामड्याचा पट्टा लावला की ती मनगटावर बसते. एसकेएक्सला मात्र २.५ मिमी जाडीच्या पिना लागतात. दुकानदार पट्ट्याबरोबर नेहमीच्या बारीक पिना देतो, त्या भोकात सैल राहतात आणि घड्याळ हातातून सुटतं. जुन्या जाड पिना कागदात बांधून पट्ट्याच्या डबीतच ठेवा.